मोबाईलची ताकद कोण ठरवतं? पॉवर कंट्रोलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर कंट्रोल म्हणजे नेमकं काय?

फोनने किती ताकदीचा सिग्नल सोडायचा, हे क्षणोक्षणी ठरवत राहण्याची व्यवस्था. हा निर्णय फोन एकट्याने घेत नाही. टॉवर त्याचं ऐकतो, मोजतो आणि ‘वाढव’ किंवा ‘कमी कर’ असा हुकूम धाडतो. साधा ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅट सोडू शकतो आणि गरज नसेल तर एका मिलिवॅटच्या दहा हजाराव्या भागापर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे दोन टोकांमध्ये २० लाख पटींचा फरक आहे, आणि तुमच्या एकाच कॉलमध्ये फोन त्यातला बराच पल्ला वर-खाली फिरून येतो.

या पानावर ‘टॉवर’ म्हणजे लोखंडी सांगाडा नव्हे, तर त्यावर बसवलेला रेडिओ आणि अँटेना, एवढं धरून चला.

फोन सरळ पूर्ण ताकदीनेच का पाठवत नाही? रेंज वाढेल की!

तुमची एकट्याची वाढेल, बाकीच्यांची घटेल. मोबाईल नेटवर्कचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे: तीच फ्रिक्वेन्सी जवळजवळच्या टॉवरवर पुन्हा पुन्हा वापरायची. दादरमध्ये जी फ्रिक्वेन्सी चालते तीच माहीमलाही चालते. दादरचा फोन गरजेपेक्षा जास्त जोरात बोलला, तर माहीमच्या टॉवरला तो निव्वळ गोंगाट म्हणून ऐकू जातो. मग माहीमच्या फोनना आपली ताकद वाढवावी लागते, त्यामुळे दादरचा गोंगाट वाढतो, आणि हे चक्र सुरू राहतं. बॅटरी वाचते हाही फायदा आहेच, पण तो दुय्यम. नेटवर्कच्या दृष्टीने ‘पुरेसं’ हेच ‘उत्तम’ असतं, आणि पूर्ण ताकदीवर चाललेला फोन ही काहीतरी बिनसल्याची खूण असते.

डीबी आणि डीबीएमची भानगड थोडक्यात सांगाल का?

१० डीबी म्हणजे दहापट, ३ डीबी म्हणजे जवळपास दुप्पट. डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत किती. म्हणून ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, २३ डीबीएम म्हणजे २०० मिलिवॅट, ३३ डीबीएम म्हणजे २ वॅट. पुढचं सगळं वाचायला एवढं पुरेल.

‘जवळचा-लांबचा प्रश्न’ कशाला म्हणतात?

पॉवर कंट्रोलला खरी किंमत आली ती या प्रश्नामुळे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सीडीएमए तंत्रात सगळे फोन एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. प्रत्येकाचा कोड वेगळा असतो आणि त्या कोडच्या आधारे टॉवर एकेकाला वेगळं काढतो. आता एक फोन टॉवरपासून ५० मीटरवर आहे आणि दुसरा ५ किलोमीटरवर, असं समजा. अंतरात शंभर पटींचा फरक. शहरी वस्तीत सिग्नल साधारण अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो असं धरलं, तर दोघांनी सारखीच ताकद सोडूनही जवळच्याचा सिग्नल टॉवरपाशी १० कोटी पट बलवान पोचेल. डीबीच्या भाषेत ८० डीबी.

कोड वेगळे काढण्याची क्षमता मात्र मर्यादित आहे. आयएस-९५ या मूळ सीडीएमए मानकात सेकंदाला १२ लाख २८ हजार ८०० चिप्स (कोडचे बारीक तुकडे) पाठवल्या जात आणि आवाजाचा डेटा सेकंदाला ९,६०० बिट. भागाकार १२८, म्हणजे २१ डीबी. ८० डीबीच्या दरीपुढे हे २१ डीबी कुठे पुरायचे? टॉवरजवळचा एकच फोन पूर्ण ताकदीने बोलू लागला की बाकी सगळा सेल (म्हणजे त्या टॉवरचं क्षेत्र) बहिरा झालाच म्हणून समजा.

१९८० च्या दशकाअखेरीस क्वालकॉमने मोबाईलसाठी सीडीएमए सुचवलं तेव्हा अनेक अनुभवी इंजिनिअरांचा आक्षेप नेमका हाच होता. कंपनीने नोव्हेंबर १९८९ मध्ये सॅन दिएगोत चालत्या गाडीतून प्रात्यक्षिक दाखवलं, आणि तिच्या उत्तराचा गाभा होता वेगवान पॉवर कंट्रोल: टॉवरने प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा हुकूम द्यायचा, जेणेकरून जवळचा असो वा लांबचा, प्रत्येकाचा सिग्नल टॉवरपाशी सारख्याच ताकदीने पोचेल. १९९३ मध्ये आयएस-९५ अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारलं गेलं. आपल्याकडे २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत रिलायन्सचे फोन घरोघरी पोचले, ते याच घराण्यातले. टाटा इंडिकॉमही त्यातलंच. हातात तो फोन घेऊन बोलणाऱ्या कुणालाही कळत नव्हतं की आपल्या एका ‘हॅलो’मध्ये शेकडो हुकूम येऊन गेले.

हा हुकूम प्रत्यक्षात चालतो कसा?

तीन पातळ्यांवर.

पहिली पातळी फोनच्या अंदाजाची, तिला ओपन लूप म्हणतात. टॉवरचा सिग्नल मोठा ऐकू येतोय, म्हणजे टॉवर जवळ आहे, म्हणजे मी हळू बोललो तरी चालेल, असा हा हिशेब. आयएस-९५ मध्ये नियम अगदी सुटसुटीत होता: मिळालेल्या सिग्नलचं चिन्ह उलटं करायचं आणि त्यातून ७३ वजा करायचे. उणे ८० डीबीएम मिळत असेल तर ८० वजा ७३, म्हणजे ७ डीबीएम, जेमतेम ५ मिलिवॅट. पण जाण्याची आणि येण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. भिंतींवरून, गाड्यांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी एका फ्रिक्वेन्सीवर एकमेकींना मारतात, तर दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर त्याच जागी बळ देतात. त्यामुळे हा अंदाज सुरुवातीपुरताच.

दुसरी पातळी क्लोज्ड लूपची. टॉवर आलेला सिग्नल मोजतो, ठरलेल्या लक्ष्याशी ताडून पाहतो आणि एकच बिट पाठवतो: वर किंवा खाली. प्रत्येक पायरी साधारण १ डीबीची. ३जीमध्ये हे सेकंदाला १,५०० वेळा होतं. या बिटला चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगचं कवच नसतं, कारण कवच चढवायला आणि उतरवायला वेळ लागतो, आणि इथे उशिरा आलेला हुकूम चुकीच्या हुकुमापेक्षा वाईट. एखादा हुकूम चुकलाच तर दोन-तीन हुकुमांत भरपाई होते.

फोन दोन टॉवरशी एकाच वेळी जोडलेला असेल आणि एक म्हणाला ‘वाढव’, दुसरा म्हणाला ‘कमी कर’, तर? फोन कमी करतो. एकाला जरी नीट ऐकू येत असेल तरी काम भागलं. हा नियम मला फार आवडतो. ‘पुरेसं’ या तत्त्वाला इतकं स्वच्छ उतरवलेलं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तिसरी पातळी आउटर लूपची, आणि विद्यार्थी नेमकी हीच गाळतात. टॉवरचं ‘लक्ष्य’ ठरवतं कोण? उभ्या माणसाला जे लक्ष्य पुरतं ते रिक्षात बसलेल्याला पुरत नाही. म्हणून नेटवर्क आलेल्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांमध्ये, चुका मोजतं. शंभरात एक फ्रेम बिघडलेली चालेल असं ठरवलं असेल, तर प्रत्येक चांगल्या फ्रेमनंतर लक्ष्य अगदी किंचित खाली सरकवायचं आणि बिघडलेली फ्रेम आली की त्याच्या ९९ पट उडी मारून वर न्यायचं. मग लक्ष्य आपोआप अशा जागी घोटाळत राहतं जिथे सरासरी शंभरात एकच फ्रेम बिघडते. वातावरणाचं कुठलंही मॉडेल लागत नाही, फक्त मोजणी.

सेकंदाला १,५०० वेळा? एवढी घाई कशासाठी?

गणित करून पाहा. २१०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १४ सेंटिमीटर, आणि सिग्नलमधले खोल खड्डे साधारण अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ७ सेंटिमीटरवर येऊ शकतात. त्या खड्ड्यात सिग्नल २० डीबीने सहज कोसळतो. सेकंदाला एक मीटर चालणारा माणूस ७ सेंटिमीटर पार करायला ७० मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात शंभराहून जास्त हुकूम बसतात, खड्डा आरामात भरून निघतो.

ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत मात्र तेच ७ सेंटिमीटर अडीच मिलिसेकंदांत संपतात. हुकूम बसतात जेमतेम चार, एकेक डीबीचे. २० डीबीचा खड्डा चार डीबीने कसा भरणार? तिथे पॉवर कंट्रोल फक्त सरासरीच्या मागे धावतो आणि खड्ड्यांची जबाबदारी कोडिंग व इंटरलिव्हिंगवर जाते. बिट इकडेतिकडे विखरून पाठवायचे, म्हणजे एका खड्ड्यात सलग वाक्य बुडत नाही. म्हणूनच पॉवर कंट्रोल सगळ्यात जास्त कामाला येतो तो सावकाश चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत.

जुन्या फोनजवळ स्पीकरमध्ये ‘टर्रर्र-टिक-टिक’ का वाजायचं?

तो जीएसएम या २जी तंत्राचा पॉवर कंट्रोल कानाने ऐकण्याचा प्रकार होता. जीएसएम फोन सलग बोलत नाही. ४.६ मिलिसेकंदांच्या चौकटीत आठ वाटे असतात, आपला वाटा आला की फोन झटका देतो, म्हणजे सेकंदाला २१७ झटके. स्पीकरच्या वायरी ते पकडत आणि टर्रर्र ऐकू येई.

फोन वाजायच्या आधीच तो आवाज का यायचा? टॉवरशी पहिला संपर्क साधताना फोनला आपली गरज माहीत नसते, म्हणून तो नेटवर्कने मुभा दिलेल्या कमाल ताकदीने हाक देतो. ९०० मेगाहर्ट्झवर ही मर्यादा बहुधा २ वॅट असे. कॉल लागला की टॉवर ताकद २ डीबीच्या पायऱ्यांनी खाली आणत जातो, चांगल्या रेंजमध्ये पार ३ मिलिवॅटपर्यंत. म्हणून टॉवरजवळच्या घरात टर्रर्र सुरुवातीला मोठी आणि मग बारीक होत जायची, आणि कमी रेंजच्या गावात कॉलभर तशीच. इथे मोजमापाचा अहवाल ४८० मिलिसेकंदांनी एकदा जातो. सीडीएमएच्या मानाने फारच निवांत, पण जीएसएममध्ये प्रत्येकाचा वेळ वेगळा असल्यामुळे जवळचा-लांबचा प्रश्न तितका जीवघेणा नसतो.

सगळ्यांनीच ताकद वाढवत नेली तर शेवट कुठे होतो?

हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की सगळे ओरडून बोलू लागतात आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही, तसं इथे होऊ शकतं. पण नेहमी होत नाही, आणि केव्हा होत नाही हे सांगता येतं.

दोन टॉवर, दोन फोन घ्या. प्रत्येकाचा सिग्नल आपल्या टॉवरपर्यंत ‘१’ इतका पोचतो, शेजारच्या टॉवरपर्यंत ‘०.२’ इतका. टॉवरचा स्वतःचा गोंगाट १ धरू. सिग्नल एकूण गोंगाटाच्या ४ पट हवा, हे लक्ष्य. नियम इतकाच: आत्ता जेवढा गोंगाट आहे त्याच्या ४ पट ताकद सोड. दोघांनी १ पासून सुरुवात केली, तर पुढची ताकद ४ × (०.२ + १) = ४.८. त्यानंतर ७.८४. मग १०.३. वाढ दरवेळी कमी होत जाते आणि दोघे २० वर येऊन थांबतात. कुणी कुणाशी बोललं नाही, वरून कुणी वाटणी केली नाही, तरी तोल साधला.

आता लक्ष्य ४ ऐवजी ४.५ करा, जेमतेम अर्धा डीबी जास्त. थांबण्याची जागा २० वरून थेट ४५ वर जाते. लक्ष्य ६ करा, आणि थांबण्याची जागाच उरत नाही. ०.२ गुणिले ६ म्हणजे १.२, हा आकडा १ च्या वर गेला की ताकद फुगतच राहते, दोघेही कमाल मर्यादेला जाऊन आपटतात आणि दोघांचंही भागत नाही.

हा साधा नियम, तोल असेल तर तिथे नक्की पोचतो, हे जेरार्ड फॉशिनी आणि झोरान मिल्यानिच यांनी १९९३ मध्ये दाखवलं. त्याच्या एक वर्ष आधी स्वीडनच्या येन्स झांडर यांनी कमाल किती लक्ष्य गाठता येतं याची मर्यादा मांडली होती. कितीही फोन असले तरी तत्त्व तेच: शेजाऱ्यांकडे गळणाऱ्या सिग्नलचा तक्ता मांडायचा, त्याला लक्ष्याने गुणायचं आणि त्या मॅट्रिक्सचं सगळ्यात मोठं आयगेनमूल्य (दर फेरीला ताकद किती पटीने फुगते ते सांगणारा आकडा, वरच्या उदाहरणातल्या १.२ सारखा) १ च्या आत आहे का ते पाहायचं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगेन, वरचे दोन फोन एक्सेलमध्ये मांडा. दहा ओळी पुरतात, आणि सूत्रातलं आयगेनमूल्य डोळ्यांसमोर जिवंत होतं.

गर्दीच्या वेळी ३जीची रेंज आक्रसायची, तेही यामुळेच. फोन वाढले, गोंगाट वाढला, सेलच्या कडेवरचे फोन कमाल मर्यादेला पोचले आणि बाहेर पडले. नकाशावरचं टॉवरचं क्षेत्र सकाळी मोठं, संध्याकाळी लहान.

४जीत यातलं काय उरलं?

घाई गेली, हिशेब आला. ४जीत एका सेलमधल्या फोनना वेगवेगळे फ्रिक्वेन्सीचे तुकडे मिळतात, त्यामुळे एकमेकांवर चढण्याचा धोका कमी. मुख्य चिंता उरते शेजारच्या सेलची. त्यासाठी युक्ती अशी की वाटेत झालेल्या नुकसानाची पूर्ण भरपाई करायचीच नाही, अंशतः करायची.

समजा नेटवर्कने पायाभूत पातळी उणे ८५ डीबीएम आणि भरपाईचा गुणांक ०.८ ठेवलाय. वाटेतलं नुकसान १०० डीबी असलेला फोन प्रत्येक तुकड्यामागे उणे ८५ अधिक ८०, म्हणजे उणे ५ डीबीएम सोडेल. दहा तुकडे मिळाले असतील तर एकूण ५ डीबीएम, सुमारे ३ मिलिवॅट. कडेवरच्या फोनचं नुकसान १३० डीबी असेल तर तुकड्यामागे १९ डीबीएम, दहा तुकड्यांना २९. पण कमाल तर २३ आहे! म्हणून फोन ‘माझ्याकडे शिल्लक नाही’ असा अहवाल पाठवतो आणि टॉवर त्याला दहाऐवजी दोनच तुकडे देतो. २२ डीबीएममध्ये काम होतं. वेग घटतो, कॉल टिकतो.

कडेवरच्या फोनवर हा अन्याय वाटेल. पण तोच फोन शेजारच्या टॉवरच्या सगळ्यात जवळ असतो, त्याला मोकळं सोडलं तर शेजारचा सेल पडतो. गुणांक किती ठेवायचा हा खरं तर धोरणाचा प्रश्न आहे: कडेवरच्यांना किती द्यायचं आणि मधल्यांकडून किती घ्यायचं. माझं मत विचाराल तर ग्रामीण, विरळ टॉवरच्या भागात तो १ च्या जवळ ठेवावा. तिथे शेजारी इतका लांब असतो की कडेवरच्याला गप्प बसवून कुणाचंच भलं होत नाही.

फोनवर रेंज पूर्ण दिसते, तरी माझा आवाज समोर तुटक का जातो?

कारण त्या दांड्या तुम्हाला टॉवर किती ऐकू येतोय हे सांगतात, टॉवरला तुम्ही किती ऐकू येता हे सांगत नाहीत. टॉवरकडे एका कॅरियरला (एका फ्रिक्वेन्सीपट्ट्याला) २० ते ४० वॅट असतात, तुमच्याकडे ०.२ वॅट. टॉवरला चांगले अँटेना आणि संवेदनशील रिसीव्हर असतात, त्यामुळे बरीच भरपाई होते, पण सगळी नाही.

ड्राइव्ह टेस्टला (गाडीतून फिरत नेटवर्क मोजण्याच्या चाचणीला) लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलं की दोन रेघा शेजारी शेजारी पळताना दिसतात, एक मिळालेल्या सिग्नलची, दुसरी सोडलेल्या ताकदीची. गाडी पुलाखाली शिरते, पहिली रेघ थोडी खाली येते आणि दुसरी एकदम २३ ला जाऊन चिकटते. चिकटली की पुढचे ‘वाढव’ हुकूम वाया. आवाज तुटायला लागतो तो इथे. स्क्रीनवर मात्र अजून तीन दांड्या असतात. अशा वेळी खिडकीकडे दोन पावलं सरकणं किंवा फोनच्या खालच्या कडेवरची बोटं बाजूला घेणं यानेही फरक पडतो, कारण अनेक फोनमध्ये अँटेना तिथेच असतो.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर लावू का?

नको. परवान्याशिवाय तो बाळगणं, विकणं, लावणं भारतात बेकायदा आहे, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. बूस्टर तुमच्या सिग्नलबरोबर स्वतःचा गोंगाटही टॉवरकडे फेकत राहतो, तुम्ही बोलत नसतानाही. टॉवरला वाटतं गर्दी वाढली. तो परिसरातल्या सगळ्या फोनना ‘वाढव’ म्हणतो, कडेवरचे बाहेर पडतात. मुंबईसारख्या दाट शहरात एका इमारतीतला एक बूस्टर आजूबाजूच्या कित्येक सोसायट्यांचे कॉल तोडू शकतो. घरात रेंज नसेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, आणि सोसायटीने मिळून कंपनीकडे इन-बिल्डिंग यंत्रणेची मागणी करा.

टॉवर लांब नेला तर रेडिएशन कमी होईल ना?

टॉवरचं होईल, फोनचं वाढेल. आणि कानाला लागलेला असतो तो फोन. टॉवर जवळ असेल तर पॉवर कंट्रोल फोनला मिलिवॅटच्या अंशावर आणतो, लांब असेल तर २०० मिलिवॅटवर. भारतात २०१२ मध्ये टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीच्या एक-दशांश करण्यात आली, आणि फोनसाठी ‘सार’ (एसएआर, म्हणजे शरीर किती रेडिओ ऊर्जा शोषतं त्याचं माप) मर्यादा १ ग्रॅम ऊतींवर सरासरी काढून किलोला १.६ वॅट ठरली. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश डायल केलं की तुमच्या मॉडेलचा आकडा दिसतो. तो आकडा पूर्ण ताकदीवर मोजलेला असतो. रोजच्या वापरातला आकडा पॉवर कंट्रोल ठरवतो, म्हणून सोसायटीच्या सभेत टॉवर हटवण्याचा ठराव मांडणाऱ्यांनी ही बाजू जरूर लक्षात घ्यावी.

बोगद्यात, घाटात बॅटरी भराभर का उतरते?

रेंज अजिबात नसेल तेव्हा फोन ओरडत नाही, ऐकत असतो. एकेक बँड धुंडाळत टॉवर शोधतो, त्यात बॅटरी जाते. खरा खर्च होतो अर्धवट रेंजमध्ये, जेव्हा फोन टॉवर पकडतो, कमाल ताकदीने नोंदणी करतो, गमावतो आणि पुन्हा पकडतो. कोकण रेल्वेच्या प्रवासात हे बोगद्यागणिक घडतं. रत्नागिरीपर्यंत फोन लागणारच नसेल तर एअरप्लेन मोड बरा.

आणि विमानात?

उंचावरून फोनला खालचे टॉवर लांब वाटतात, म्हणून तो कमाल ताकदीने हाका मारतो. ज्या विमानांत मोबाईल सेवा असते तिथे छोटा टॉवर आतच असतो आणि तो १८०० मेगाहर्ट्झच्या फोनना १ मिलिवॅटवर धरून ठेवतो.

टॉवर स्वतःची ताकद कमी-जास्त करतो का?

२जी, ३जीत प्रत्येक फोनपुरती करायचा. ४जी, ५जीत डेटासाठी सहसा उलटं असतं: ताकद साधारण तीच ठेवायची आणि वेग बदलायचा. चांगली रेंज असलेल्याला त्याच ताकदीत जास्त बिट द्यायचे.

५जीत नवीन काय?

३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या बँडवर सिग्नल लवकर विरतो, म्हणून काही फोनना २६ डीबीएम, म्हणजे ४०० मिलिवॅटची मुभा आहे. ज्या नेटवर्कमध्ये ५जी हे ४जीच्या आधाराने चालतं तिथे फोनला एकूण ताकद दोन्हींत वाटावी लागते. घराच्या आत ५जी दिसतं पण अपलोड रेंगाळतं, त्यामागे अनेकदा हीच वाटणी असते. मोठा व्हिडिओ पाठवायचा असेल तर तेवढ्यापुरतं फोन ४जीवर टाकून पाहा.

माझा फोन आत्ता किती ताकद सोडतोय, हे दिसेल का?

बहुतेक फोनमध्ये नाही, त्यासाठी ड्राइव्ह टेस्टचं सॉफ्टवेअर लागतं. मिळालेला सिग्नल मात्र अँड्रॉइडच्या सिम स्टेटसमध्ये डीबीएममध्ये दिसतो. ४जीवर उणे ८० च्या आसपास असेल तर फोन आरामात आहे, उणे ११५ च्या खाली असेल तर तो जवळपास नक्कीच पूर्ण ताकदीवर आहे. घरातल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत हा आकडा पाहा आणि लांबलचक कॉलसाठी त्यातला बरा कोपरा निवडा.